खाली उतरवणं वेगळं, बाद करणं वेगळं

४ मे २०१९ रोजी अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत मॅक्सिमम सिक्युरिटी हा घोडा पावणेदोन लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या लांबीएवढं अंतर) पहिला आला. साधारण २२ मिनिटांनी त्याचा नंबर सतरावा झाला. बातम्यांमध्ये सगळीकडे एकच शब्द होता, डिसक्वालिफाय. तिथले स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंचही हाच शब्द वापरतात, पण त्याने मोठा घोटाळा होतो. धावले होते १९ घोडे. म्हणजे या 'बाद' घोड्याच्या मागे निकालात अजून दोन घोडे उभे होते. तो बाद झालाच नव्हता, त्याला खाली उतरवलं होतं. या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यामुळे शर्यतीतल्या न्याय-अन्यायाचे निम्मे वाद उगाच पेटतात, असं माझं ठाम मत आहे.

बाद करणं म्हणजे काय ते आधी पाहू, कारण ते सोपं आहे. शर्यत संपल्यावर जॉकी खोगिरासह काट्यावर उभा राहतो. वजन ठरल्यापेक्षा कमी भरलं आणि ते सवलतीच्या पलीकडे असलं, तर निकाल गेला. किंवा तपासणीत घोड्याच्या रक्तात, लघवीत नको ते औषध सापडलं, तरी गेला. इथे कुणी विचारत नाही की त्या औषधाविना तो जिंकला असता का. तो ज्या अटींवर धावायला हवा होता त्या अटींवर धावलाच नाही, एवढं पुरे. १९६८ च्या केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज पहिला आला आणि शर्यतीनंतर त्याच्या नमुन्यात फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक मिळालं. विजय फॉरवर्ड पासकडे गेला. २०२१ मध्ये मेडिना स्पिरिटच्या बाबतीत तेच झालं. औषध बीटामेथासोन, आणि निर्णय यायला २०२२ चा फेब्रुवारी उजाडला. तोवर घोडा मरून गेला होता. विजेता म्हणून मँडलूनचं नाव लागलं.

खाली उतरवण्यात घोडा पूर्णपणे पात्र असतो. वजन बरोबर, नमुना स्वच्छ. फक्त धावताना त्याने दुसऱ्याची वाट अडवली, धक्का दिला किंवा लाइन सोडून आडवा आला. इथे स्टुअर्डसमोरचा प्रश्न पात्रतेचा नसतो, नुकसानीचा असतो. कुणाचं नुकसान झालं, किती झालं, आणि ते कसं भरून द्यायचं?

पैसे लावणाऱ्याला फरक तिकिटावर कळतो. खाली उतरवण्याचा निर्णय निकाल अधिकृत होण्याआधी होतो, म्हणून २०१९ ला विजेता ठरवलेल्या कंट्री हाउस या घोड्यावर २ डॉलर लावणाऱ्याला १३२.४० डॉलर मिळाले आणि मॅक्सिमम सिक्युरिटीची तिकिटं रद्दी झाली. औषधाचा निकाल महिन्यांनी लागतो. मेडिना स्पिरिटवर जिंकलेले पैसे कुणी परत मागितले नाहीत.

पण खरा पेच नुकसान मोजण्याचा आहे. जगात त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत विचारतात, ज्याला त्रास झाला तो घोडा त्रास झाला नसता तर अडवणाऱ्याच्या पुढे आला असता का? आला असता तर अडवणाऱ्याला त्याच्या मागे टाकायचं, नाहीतर निकाल तसाच ठेवायचा आणि शिक्षा जॉकीला करायची. दुसरीत एवढंच बघतात की त्रासामुळे कुणाची जागा हुकली का. हुकली, तर अडवणाऱ्याला थेट त्या घोड्याच्या मागे पाठवायचं, मग तो घोडा कितीही मागे आलेला असो. ब्रिटनमध्ये पहिली पद्धत चालते, अमेरिकेत दुसरीकडे कल आहे. फ्रान्स आणि जर्मनी २०१८ पासून पहिलीकडे आले.

दुसऱ्या पद्धतीने काय होतं ते जपानने अनुभवलंय. १९९१ च्या शरद ऋतूतल्या तेन्नो शो शर्यतीत मेजिरो मॅकक्वीन तब्बल सहा लेंग्थने पहिला आला. सुटल्यानंतर थोड्याच अंतरावरच्या वळणावर तो आत घुसला आणि मागच्यांना लगाम खेचावे लागले. १८ घोड्यांच्या शर्यतीत त्याला अठरावा नंबर दिला गेला. सहा लेंग्थ! ज्या घोड्याच्या मागे त्याला टाकलं, तो त्याला गाठू शकला असता असं म्हणायला कुणी धजावलं नसतं. २०१० च्या जपान कपमध्ये ब्युएना व्हिस्टाही पावणेदोन लेंग्थने जिंकूनही रोझ किंग्डमच्या मागे दुसरी ठरली. २०१३ पासून जपानने नियम बदलला आणि पहिली पद्धत घेतली.

आता पुन्हा २०१९ ची शेवटची वळणवाट बघा. मॅक्सिमम सिक्युरिटी पुढे पळतोय आणि अचानक बाहेरच्या बाजूला सरकतो. मागून येणाऱ्या वॉर ऑफ विलचे पुढचे पाय त्याच्या मागच्या पायांमध्ये जवळजवळ अडकतात. त्या धक्क्याची लाट आणखी घोड्यांपर्यंत जाते, त्यातला एक लाँग रेंज टॉडी. तो सतरावा आला होता, म्हणून विजेत्याला त्याच्या मागे टाकलं. आणि विजेतेपद मिळालं कंट्री हाउसला, ज्याला या गोंधळाचा फारसा फटकाच बसला नव्हता. नुकसानभरपाई नुकसान झालेल्याला मिळालीच नाही. मला हे आजही पटत नाही.

त्यात स्टुअर्डनी स्वतः चौकशीचा फलक लावलाच नव्हता. दोन जॉकींनी ऑब्जेक्शन घेतलं म्हणून फिल्म पाहिली गेली. मालक कोर्टात गेले, पण २०२० मध्ये अपील कोर्टानेही दाद दिली नाही, कारण केंटकीच्या नियमांत स्टुअर्डचा असा निर्णय अंतिम असतो. उलट डान्सर्स इमेजचा खटला १९७२ पर्यंत चालला. ज्यात शंकेला जागा कमी, तिथे चार वर्षं दाद मागता आली. जिथे सगळं पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून, तिथे एकदाही नाही.

अपील का हवं, ते २०१५ च्या सेंट लेजर या ब्रिटनमधल्या शर्यतीने दाखवलं. सिंपल व्हर्स ही घोडी बाँडी बीचपेक्षा डोक्याच्या अंतराने पुढे होती आणि वाटेत दोघांची टक्कर झाली होती. स्टुअर्डनी तिला दुसरी केलं. काही दिवसांनी अपिलात तोच नियम आणि तीच फिल्म समोर ठेवून पॅनेलने तिचा विजय तिला परत दिला. म्हणजे पहिली पद्धतही गणित नव्हे, अंदाजच आहे. मात्र योग्य प्रश्नाचा अंदाज आहे.

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप जॉकींकडूनच येतो. निकाल सहसा टिकणारच असेल, तर पुढचा माणूस धोका पत्करायला धजावेल आणि मागच्याचा जीव टांगणीला लागेल. वॉर ऑफ विल तिथे पडला असता, तर त्याच्यामागून येणाऱ्यांपैकी किती वाचले असते? मॅक्सिमम सिक्युरिटीचा जॉकी लुइस साएझला १५ दिवसांची बंदी झाली. एवढ्या मोठ्या बक्षिसापुढे ती किती जरब बसवते, हा रास्त प्रश्न आहे. म्हणूनच पहिली पद्धत मानणाऱ्या ब्रिटनमध्येही एक दार उघडं ठेवलंय. सवारी धोकादायक होती असं ठरलं, तर कोण कुणाच्या पुढे आलं असतं हा हिशोबच करत नाहीत. त्या वेळी घोड्याला खाली उतरवत नाहीत, खऱ्या अर्थाने बाद करतात.