सामानाची पावती होती, लेकरांची नव्हती

जून २०१८ मध्ये एक ध्वनिफीत जगभर ऐकली गेली. अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाच्या केंद्रात आईबापांपासून वेगळी केलेली मुलं हुंदके देत होती. त्यांत एल साल्वाडोरची सहा वर्षांची एक मुलगी नात्यातल्या बाईला फोन लावून द्या म्हणून विनवत होती. नंबर तिला तोंडपाठ होता, एकेक आकडा ती सांगत होती. तिला निदान नंबर तरी येत होता. ताटातूट झालेल्यांत अजून बोलायलाही न शिकलेली तान्ही बाळं होती.

हे घडलं कसं? विनापरवाना सीमा ओलांडणं हा अमेरिकेत गुन्हाच आहे, पण सोबत मूल असेल तर आईबापांवर सहसा खटला भरला जात नसे. २०१७ च्या जुलैपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासो भागात गाजावाजा न करता ही सवलत काढून पाहिली गेली. मग ६ एप्रिल २०१८ रोजी अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सगळ्या दक्षिण सीमेवर ‘झीरो टॉलरन्स’, म्हणजे विनापरवाना येणाऱ्या सगळ्यांवर सरसकट खटले, हे धोरण जाहीर केलं. आई कोठडीत गेली की मूल कागदोपत्री ‘एकटं आलेलं’ ठरायचं. अशा मुलांना ७२ तासांत आरोग्य खात्याच्या ताब्यात द्यायचं, असा २००८ चा कायदा आहे. खरोखरच एकट्या आलेल्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून तो केला होता. त्याच कायद्याने आता आईच्या कडेवरचं मूल शेकडो मैलांवरच्या निवाऱ्यात जाऊ लागलं.

आई एका खात्याकडे, मूल दुसऱ्या खात्याकडे, आणि दोन्हींच्या संगणकांचा एकमेकांशी मेळ नाही. कोणाचं मूल कोणतं, याची एकत्र यादीच नव्हती. पुढची सगळी परवड इथून सुरू झाली.

न्यायालयात गेलेली पहिली आई काँगोची. तिने तर रीतसर नाक्यावर येऊन आश्रय मागितला होता. तरीही तिला सॅन डिएगोला ठेवलं आणि सात वर्षांच्या मुलीला शिकागोला पाठवलं. ‘एसीएलयू’ या नागरी हक्क संघटनेने फेब्रुवारी २०१८ मध्ये तिचा दावा लावला आणि पुढे तो सगळ्याच कुटुंबांचा झाला. चहूकडून टीका झाल्यावर २० जूनला ट्रम्प यांनी धोरण मागे घेतलं, पण आधीच दुरावलेल्या मुलांचं काय, हे त्या आदेशात नव्हतं. २६ जूनला न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी पाच वर्षांखालची मुलं १४ दिवसांत आणि बाकीची ३० दिवसांत परत करा, असं बजावलं. कैद्याचे पैसे, कागदपत्रं, सामान यांची नोंद सरकार चोख ठेवतं, मुलांची मात्र तशी ठेवत नाही, हेही त्यांनी निकालात लिहिलं. मला या सगळ्या प्रकरणात याहून अस्वस्थ करणारं वाक्य सापडलेलं नाही.

मुदत संपली तेव्हा चारशेहून अधिक मुलांचे पालक मायदेशी पाठवले गेलेले होते. शोधाची जबाबदारी पूर्णपणे सरकारची, असं न्यायाधीशांनी सुनावलं, तरी प्रत्यक्ष पायपीट बहुतेक स्वयंसेवी संस्थांनीच केली. सरकारी यादीतले कित्येक फोन नंबर बंद किंवा चुकीचे होते. मग ‘जस्टिस इन मोशन’ या संस्थेशी जोडलेले ग्वाटेमाला आणि होंडुरासमधले वकील, कार्यकर्ते अर्धवट पत्ते घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर विचारत फिरले. ग्वाटेमालात बऱ्याच घरांत स्पॅनिश नव्हे, माम किंवा किचे यांसारख्या माया भाषा बोलतात. आणि जीव वाचवायला गाव सोडलेल्या माणसाचा पत्ता कोणी अनोळख्याला सहजी सांगत नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत तर हा शोध ठप्पच झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये ५४५ मुलांच्या पालकांशी संपर्क झालेला नव्हता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी यासाठी खास कृतिदल नेमलं. मायदेशी धाडलेल्या पालकांना अमेरिकेत परतून मुलांजवळ राहण्याची मुभा मिळाली, समुपदेशनाची सोय झाली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एसीएलयू’च्या दाव्यात झालेल्या तडजोडीने अशा ताटातुटीला आठ वर्षं मनाई झाली. पण भेट झाली म्हणजे सगळं जुळलं, असंही नव्हतं. काही लहानग्यांनी आईला ओळखलंच नाही, काही तिच्याजवळ जायला तयार होईनात.

एकूण साडेचार हजारांहून अधिक मुलं वेगळी केली गेली. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ आणि इतरांच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार त्यांतल्या तब्बल १,३६० मुलांची आईबापांशी भेट झाल्याची खात्री तोवर झालेली नव्हती.