शेअर मॅनिया (मुंबई, 1863–65)

मुंबईत 1863 पासून उसळलेली आणि 1865 च्या उन्हाळ्यात कोसळलेली शेअरच्या सट्ट्याची लाट. हिच्या मुळाशी कापूस होता. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना रुई मिळेना. ती मुंबईहून जाऊ लागली. भाव इतका चढला की लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला, असे सांगतात. युद्धाच्या काळात शहरात एरवीपेक्षा 7 ते 8 कोटी पौंड जादा आले, असा अंदाज आहे. हा पैसा जिरवण्याइतके धंदे शहरात नव्हते, मग कंपन्याच निघत गेल्या. जानेवारी 1865 मध्ये नुसत्या बँकाच 31 होत्या.

सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्र हटवून जमीन काढण्याची तिची कल्पना मुळात खोटी नव्हती. मुंबईला जागा हवीच होती. पण भराव पडण्याआधीच 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. याला इंधन पुरवले बँकांनी. 1863 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. कर्जातून शेअर घ्यायचे, ते गहाण टाकून आणखी कर्ज उचलायचे, असे चक्र सुरू झाले. दलाल प्रेमचंद रायचंद (1831–1906) यांचा या बँकेत शब्द चाले. बँकेत सरकारचे भांडवल आणि सरकारी संचालकही होते, त्यामुळे सामान्य ठेवीदार निर्धास्त होता. या अनर्थाचा मोठा दोष सट्टेबाजांइतकाच या बँकेवर येतो.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. युद्ध संपत आल्याची ही बातमी मुंबईस पोहोचली आणि रुईचा भाव गडगडला. वायद्याच्या, म्हणजे पुढच्या तारखेला पैसे चुकते करण्याच्या, असंख्य सौद्यांची मुदत 1 जुलै 1865 ही एकच होती. त्या दिवशी पैसे चुकते करायला कोणाकडेच रोकड नव्हती. ज्याच्याकडून येणे तोही बुडालेला. बॅक बेचा शेअर 2,000 च्याही खाली आला. दिवाळखोरीच्या खटल्यांसाठी सरकारला त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळली गेली आणि त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. चौकशी आयोगाने जुन्या बँकेचा बेफिकीर कारभार उघड केला. शहराची वस्तीही घटली: 1864 च्या गणतीत 8,16,562, तर 1872 मध्ये 6,44,405.

डॉ. भाऊ दाजी लाड यांचेही यात मोठे नुकसान झाले. ज्या संग्रहालयासाठी त्यांनी व जगन्नाथ शंकरशेट यांनी वर्गणी गोळा केली, त्याची पायाभरणी 1862 मध्ये झाली होती. घसरणीनंतर वर्गणी आटली, सरकारने काम हाती घेतले आणि 1872 मध्ये ते खुले झाले. आज भायखळ्याच्या त्या वास्तूला भाऊ दाजींचेच नाव आहे. प्रेमचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. दलालांनी 1875 मध्ये आपली संघटना स्थापन केली. आजच्या मुंबई शेअर बाजाराची सुरुवात तिथून होते.