ट्रॅक्टरला ट्रॉली बनवताय? आधी वजनाचा मेळ, मग नोंदणीचे कागद

खान्देशात ट्रॉली बहुतेक वेळा बनवून घेतली जाते. शेतकरी फॅब्रिकेशनच्या शेडवर जातो आणि सांगतो, 'दहा बाय सहाची करा, दोन फुटी फाळके (बाजूच्या भिंती), माल दणकट वापरा.' वजनाचा विषय निघतच नाही. तो पहिल्यांदा निघतो परिवहन कार्यालयाच्या अर्जात, आणि तोवर चेसी वेल्ड होऊन तिला रंगही लागलेला असतो. म्हणून ही माहिती अर्जाच्या आधीपासून सुरू करतोय.

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. ट्रॅक्टरची नोंदणी झाली म्हणजे ट्रॉलीची झाली, असं होत नाही. तिला स्वतःचा चेसी क्रमांक, स्वतःचं नोंदणी पुस्तक आणि स्वतःचा नंबर लागतो: जळगावला एमएच-१९, धुळ्याला एमएच-१८, नंदुरबारला एमएच-३९ मालिकेतला. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर सापडलं तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

तीन आकडे

नोंदणीत ट्रॉलीचे तीन आकडे महत्त्वाचे: रिकामं वजन, भरल्यावरचं एकूण वजन आणि एक्सलवर येणारा भार. एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं की माल किती भरता येईल ते कळतं. नोंदणीत एकूण वजन ६,००० किलो आहे आणि ट्रॉली रिकामी १,६०० किलो भरते, तर माल ४,४०० किलो, म्हणजे ४४ क्विंटल. 'दणकट' करण्याच्या नादात लोखंड ३०० किलोने वाढलं, तर तितकाच माल कमी झाला; एकूण वजनाचा आकडा काही वाढत नाही.

हा आकडा ट्रॅक्टरला झेपतो का, हे बघताना सगळे एचपी विचारतात. खरी अडचण थांबण्यात असते. समजा ट्रॅक्टर २,००० किलोचा आहे, ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत आणि त्या चाकांवर १,३०० किलो भार आहे. कोरड्या डांबरावर ती चाकं जास्तीत जास्त पावणेआठशे-आठशे किलोची रोधशक्ती देतील. मागे बिनब्रेकची ६,००० किलोची ट्रॉली असेल, तर तेवढ्यावर ८,००० किलोची सगळी गाडी थांबवायची आहे. ताशी २५ किलोमीटर वेगात सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण २५ मीटर लागतात. शंभर मीटरला सहा मीटर उतार असलेल्या घाटात तेच अंतर ६५ मीटरच्या घरात जातं. वळणावर तर ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि जोडणीतून मुडपतो. चाळीसगावकडून कन्नड घाट किंवा नवापूरकडे कोंडाईबारी घाट धरणाऱ्यांनी ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असल्याशिवाय भरल्या गाडीचा विचारही करू नये. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ब्रेकच्या आणि बिनब्रेकच्या ट्रॉलीची मर्यादा वेगवेगळी दिली असेल, तर तुमच्या ट्रॉलीला लागू असलेलाच आकडा धरा.

दुसरी गोष्ट मालाची. दहा बाय सहा बाय दोन फुटांत १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासला थोडं कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मका काठोकाठ भरला तर जेमतेम २४-२५ क्विंटल. त्याच ट्रॉलीत गिरणेची ओली वाळू भरली तर साडेपाच टनांच्या आसपास. ट्रॉली तीच, भार दुपटीहून जास्त. कपाशीचं उलटं आहे: वजन कमी, पण बांबू लावून ढीग इतका उंच रचतात की जिनिंगच्या वळणावर ट्रॉली कलंडते. म्हणून फाळक्याची उंची मालावरून ठरवा. मुख्यतः वाळू-मुरूम वाहणार असाल तर फाळके बुटके घ्या. जागाच नसेल तर मजूर जास्त भरणार कुठे?

दोनचाकी ट्रॉलीत माल कुठे रचला यालाही महत्त्व आहे. मागे जास्त भरला की हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि पकडही जाते, ब्रेकही जातो. पुढे जास्त भरला तर ट्रॅक्टरचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॉली ओढायची ती खालच्या हुकावरूनच. वर टॉप लिंकपाशी (अवजार जोडायच्या वरच्या दांड्यापाशी) साखळी बांधून ओढली तर ट्रॅक्टर मागे उलटतो.

कागदपत्रं

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ४७ प्रमाणे अर्ज नमुना २० मध्ये करायचा. सोबत नमुना २१ (विक्री प्रमाणपत्र), नमुना २२ (रस्तायोग्यता प्रमाणपत्र), चालू विमा, पत्त्याचा पुरावा आणि फी. ट्रॉलीसाठी वेगळा कागद एकच, पण अर्ज अडतो तो बहुधा त्याच्यावरच: ट्रॉलीच्या आराखड्याला मिळालेल्या मंजुरीची प्रत. ही मंजुरी बनवणाऱ्याकडे असावी लागते आणि ती ठरावीक मापाच्या ठरावीक मॉडेलला असते. इसार देण्याआधी ती प्रत मागून घ्या आणि त्यात तुम्ही सांगितलेली लांबी-रुंदी, एक्सल आणि टायर आहेत का ते बघा. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडे ट्रॉली टाकू नका. नंतर ते कागद येत नाहीत.

शेतीसाठी नोंद हवी असेल तर सातबारा आणि आठ-अ जोडा. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असेल तर आधी तलाठ्याकडून किंवा आधार केंद्रातून सरळ करून घ्या. पॅन नसेल तर नमुना ६०. कर्ज असेल तर नमुना २० मध्येच बँकेच्या बोज्याची नोंद होते, बँकेची सही विसरू नका. भाड्याने वाळू, विटा, खडी वाहणार असाल तर व्यावसायिक वर्ग निवडा. त्याला फिटनेस (वाहन धडधाकट असल्याचं प्रमाणपत्र) लागतो: पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. शेतीच्या नोंदीवर भाडं मारलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच बोट दाखवते.

अर्ज आणि तपासणी

अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा, फी तिथेच भरायची, मग ट्रॉली तपासणीला न्यायची. निरीक्षक चेसी क्रमांक बघतो, माप घेतो, टायर बघतो. अर्ज परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. चेसी क्रमांक नुसता रंगाने लिहिलेला असतो किंवा ठोकलेल्या क्रमांकावर रंगाचा थर चढलेला असतो. तो कोरलेला आणि वाचता येईल असा हवा. विम्यात एखादा अंक चुकलेला असतो. मंजुरीत एक टायर आणि बसवलेला वेगळा, बहुधा जुन्या ट्रकचा एक्सल चाकांसकट उचललेला. नमुना २१ मध्ये प्रत्येक एक्सलचा भार आणि टायरची संख्या व वर्णन लिहावं लागतं, त्यामुळे ही लपवाछपवी तिथेच उघडी पडते. आणि रिकामं वजन: तपासणीआधी रिकामी ट्रॉली भुईकाट्यावर तोलून पावती घ्या. नमुना २१ मधल्या आकड्यात आणि पावतीत शे-दीडशे किलोंचा फरक असेल तर बनवणाऱ्याकडून प्रमाणपत्र आधीच दुरुस्त करा.

मागे लाल, बाजूला पिवळ्या आणि पुढे पांढऱ्या परावर्तक पट्ट्या, चालू टेल लाइट आणि इंडिकेटर हवेत. नंबरप्लेटचा घोळ बहुतेकांचा होतो. कलम ६१ नुसार ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर लिहायचा आणि मागे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर लावायचा. दोन ट्रॅक्टर एकच ट्रॉली आलटून पालटून ओढत असतील तर मागची पाटी बदलता येईल अशी ठेवा.

चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. कायद्यात ७,५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर त्यातच मोडतो. विम्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख चेसी क्रमांकासकट हवा, नुसता ट्रॅक्टरचा विमा असून भागत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा वऱ्हाडाला ट्रॉलीत माणसं नेली तर त्या माणसांना विम्याचा आधार नाही, हे धरून चाला.

जास्त वजन भरलं तर कलम १९४ लागतं: २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि माल उतरवण्याचा खर्च तुमचा. दोन टन जास्त म्हणजे २४,००० रुपये. वाळूच्या कित्येक खेपांची कमाई एका पावतीत जाते.

जुनी ट्रॉली घेताना

नमुना २९ आणि ३० भरून नाव बदला. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. जुना बोजा असेल तर नमुना ३५ घेऊन आधी तो उतरवा. नोंदणी पुस्तकातलं एकूण वजन तुमच्या ट्रॅक्टरच्या मर्यादेत बसतं का ते सौदा करतानाच बघा. नोंदणीच नसलेली ट्रॉली स्वस्त मिळते खरी, पण तिला नमुना २१ नसतो, आराखड्याची मंजुरी नसते, आणि हे दोन कागद नसतील तर नमुना २० दाखल होत नाही. ती शेताच्या बांधाआतच फिरेल.