कोंबडीच्या पिशवीतून आलेला 'बी'

मामाच्या पोल्ट्रीत चोवीस दिवसांची बॅच होती आणि मर लागली. आदल्या दिवशीपर्यंत पिल्लं चांगली खातपीत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर कोपऱ्यात घोळका करून बसलेली, पिसं फुललेली, खालचं तूस ओलं आणि पांढरट. मामीने एक मेलेलं पिल्लू उचलून बघितलं आणि म्हणाली, गंबोरो असणार बघा. गंबोरो म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. डॉक्टर आले, त्यांनी तिथेच पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर पिल्लू उघडलं. मांडीच्या मांसावर रक्ताचे ठिपके होते. मग त्यांनी शेपटीच्या खाली, विष्ठेच्या जागेच्या वरच्या अंगाला बोट घालून एक छोटी गोल पिशवी बाहेर काढली, सुजलेली, वरून पिवळट चिकट थर. ब्लेडने चिरली तर आत घड्या घड्या आणि त्यात रक्त. "हा बर्सा," डॉक्टर म्हणाले, "हाच गेला की पिल्लाची प्रतिकारशक्ती गेली, आता राणीखेतची लासोटा लस दिलीत तरी नीट लागणार नाही."

मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि आपण अँटीबॉडीज, म्हणजे रोगजंतूंना पकडणारी प्रथिनं, बनवणाऱ्या ज्या पेशींना बी सेल म्हणतो त्यातला 'बी' म्हणजे ही पिशवी, हे मला त्या कट्ट्यावर माहीत नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि ज्या माणसाने हे उलगडलं त्याच्याबद्दल तेव्हापासून मिळेल ते वाचत आलोय. त्याचं नाव मॅक्स कूपर. 1933 सालचा जन्म, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला, शिक्षणाने लहान मुलांचा डॉक्टर.

पिशवीचा इतिहास आधी थोडक्यात सांगतो. इटलीत पाडुआला फॅब्रिशियस नावाचे शरीररचनेचे मोठे प्राध्यापक होते, त्यांनी या पिशवीचं वर्णन लिहून ठेवलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1621 मध्ये छापलं गेलं. तिचं काम मात्र पुढची तीनशे वर्षं कुणालाच कळलं नाही. 1950 च्या दशकात ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी ही पिशवी काढून टाकून कोंबड्यांचं काय होतं ते बघत होता आणि काहीच होत नव्हतं, पक्षी मस्त वाढत होते. मग त्याचा सोबती टिमोथी चँग याला वर्गात अँटीबॉडीचं प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या म्हणून त्याने ग्लिककडच्या काही उसन्या घेतल्या, साल्मोनेला या जिवाणूचं इंजेक्शन दिलं, आणि बघतो तर पिशवी काढलेल्या कोंबड्यांच्या रक्तात अँटीबॉडीच नाही! एवढा मोठा शोध, पण 'सायन्स' या नामांकित विज्ञान मासिकाने लेख परत पाठवला. तो शेवटी 1956 मध्ये 'पोल्ट्री सायन्स' या कोंबडीपालनाच्या मासिकात छापून आला, जे माणसांचे डॉक्टर कशाला वाचतील. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं.

कूपर 1963 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्या लॅबमध्ये आला तेव्हा प्रतिकारशक्तीबद्दल मोठा गोंधळ होता. रक्तात लिम्फोसाइट नावाच्या छोट्या गोल पेशी असतात, सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून लोकांना वाटायचं ही एकच जात, वाढत वाढत जाऊन अँटीबॉडी बनवणारी होते. थायमस ही छातीतली ग्रंथी महत्त्वाची आहे हे जॅक मिलर यांनी 1961 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं. पण कूपरच्या समोर आजारी मुलं होती आणि ती या एका रांगेत बसेनात. 1952 मध्ये ब्रूटन नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने आठ वर्षांचा एक मुलगा पाहिला होता ज्याला सारखे जिवाणूंचे आजार व्हायचे आणि ज्याच्या रक्तात अँटीबॉडी जवळजवळ नव्हत्याच, तरी अशी मुलं बऱ्याचशा विषाणूंशी बऱ्यापैकी लढतात. आणि उलट विस्कॉट-आल्ड्रिच नावाच्या आजाराची मुलं, त्यांच्यात अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी दिसतात आणि तरी साध्या हर्पिसने, ज्याने आपल्याला ओठावर फोड येतो, ती दगावतात. एकच रांग असेल तर हे दोन्ही कसं शक्य आहे?

मुलांच्या वॉर्डातला हा प्रश्न घेऊन तो माणूस कोंबडीकडे गेला, आणि मला ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर चाल वाटते. कारण माणसात नाही पण कोंबडीत थायमस वेगळी आणि बर्सा वेगळा, दोन अवयव दोन ठिकाणी, एक काढता येतो दुसरा ठेवता येतो.

अडचण एकच होती. पिल्लू अंड्यातून बाहेर येईपर्यंत काही पेशी या अवयवांतून निघून शरीरभर पोचलेल्या असतात, मग नुसता अवयव कापून निकाल धूसर येतो, थोडं याचं थोडं त्याचं. कूपर आणि त्याचे सहकारी यांनी काय केलं, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची पिशवी किंवा थायमस काढली आणि वर एक्स-रेचा डोस दिला, म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या पेशीही मेल्या. पाटी कोरी. मग पिल्लं वाढू दिली आणि त्यांच्या प्लीहेचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. बर्सा काढलेल्यांमध्ये अँटीबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशी गायब, त्या जिथे तयार होतात ती केंद्रंही गायब, पण बाकीचे लिम्फोसाइट जागच्या जागी. थायमस काढलेल्यांमध्ये नेमकं उलटं, छोट्या रक्तवाहिन्यांभोवतीचे लिम्फोसाइट विरळ झालेले आणि दुसऱ्या कोंबडीची कातडी लावली तर ती झिडकारायची ताकद कमी. म्हणजे रांग एक नाही, दोन आहेत आणि त्या दोन वेगळ्या गावांहून येतात. 1965 मध्ये हे 'नेचर' या विज्ञान मासिकात आलं. त्याच वर्षी कूपरने हे एका बैठकीत मांडलं तेव्हा डीजॉर्ज नावाच्या बालरोगतज्ज्ञाने चर्चेत सांगितलं की माझ्याकडे अशी मुलं आहेत ज्यांना जन्मतः थायमसच नाही. कोंबडीतला दुसरा निम्मा भाग माणसात सापडला. पुढे 1969 च्या सुमारास थायमसवरून टी सेल आणि बर्सावरून बी सेल ही छोटी नावं रुळली.

पण आपल्याला बर्सा नाही. मग आपल्या बी सेल कुठे जन्मतात? कूपर यात वर्षानुवर्षं अडकून राहिला. आधी त्याला वाटलं आतड्याच्या आसपास असेल, सशाचं अपेंडिक्स वगैरे तपासलं, त्यावर लिहिलंसुद्धा, पण ते उत्तर टिकलं नाही. 1967 मध्ये तो अलाबामाला बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात गेला आणि मग लंडनमध्ये जॉन ओवेन आणि मार्टिन रॅफ यांच्याबरोबर काम करताना 1974 मध्ये सापडलं की उंदराच्या गर्भाच्या यकृताचा तुकडा बशीत वाढवला तर त्यात बी सेल आपोआप तयार होतात. गर्भात यकृत आणि जन्मानंतर बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला मगज. इंग्रजीत बोन मॅरोही 'बी'नेच सुरू होतं म्हणून नाव बदलावं लागलं नाही, आणि पुष्कळ विद्यार्थी बी म्हणजे बोन मॅरो असंच समजतात.

नंतर त्याच्या लॅबने बी सेल पायरीपायरीने कशी घडते ते दाखवलं, आणि मग लक्षात आलं की ल्युकेमिया आणि लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगांचे बरेच प्रकार म्हणजे यातल्याच कुठल्यातरी पायरीवर अडकून बेफाम वाढलेल्या पेशी असतात. याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेली नेक्सकार-19 ही अशा कर्करोगांवरची उपचारपद्धत ऑक्टोबर 2023 मध्ये देशात मंजूर झाली, त्यात पेशंटच्याच टी सेल बाहेर काढून त्यांना सीडी-19 ही खूण ओळखायला शिकवतात, आणि सीडी-19 ही बी सेलच्या अंगावरची खूण. म्हणजे एका रांगेच्या पेशी दुसऱ्या रांगेच्या बिघडलेल्या पेशींवर सोडायच्या. दोन रांगा आहेत हे माहीतच नसतं तर हे सुचलं असतं का?

वयाच्या सत्तरीनंतर कूपर 2008 मध्ये अटलांटाला एमरी विद्यापीठात गेला आणि तिथे लँप्रे नावाच्या जबडा नसलेल्या, बामसारख्या दिसणाऱ्या माशाचं काम पुढे नेलं. त्याच्या गटाला आढळलं की या माशाकडे आपल्यासारख्या अँटीबॉडी नाहीतच, अगदी वेगळ्या घडणीचे रेणू आहेत, पण पेशींच्या रांगा मात्र तशाच, एक बी सारखी आणि दुसरी टी सारखी. आपले आणि त्यांचे पूर्वज वेगळे होऊन पन्नास कोटी वर्षं झालीत! 2019 मध्ये त्याला आणि मिलर यांना वैद्यकीय संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. ग्लिकचं नाव अशा वेळी घेतलं जायला हवं, ते पुरेसं घेतलं जात नाही असं माझं मत आहे.

मागच्या दिवाळीत हे सगळं मामाला सांगत होतो. सकाळची वेळ, गंबोरोची लस द्यायची होती म्हणून त्याने पिल्लांचं पाणी दोन तास तोडलं होतं आणि बादलीत दुधाची पावडर कालवत होता, पाण्यातल्या क्लोरिनने लस मरू नये म्हणून. ऐकून घेतलं सगळं आणि मग म्हणाला, "अरे, पण जुन्या गावरान कोंबडीत ही पिशवी मला कधी दिसली नाही, ती कशी काय जगते मग?" मी म्हटलं, ती वयात आली की पिशवी आक्रसून जाते, तोपर्यंत बी सेल प्लीहेत, आतड्यात, सगळीकडे वस्तीला गेलेल्या असतात, तिची गरज उरत नाही, म्हणून तर ग्लिकच्या कोंबड्यांची पिशवी अगदी लहानपणी काढलेली असल्यामुळेच तो फरक दिसला. मामाने हात थांबवला. "म्हणजे तीन ते सहा आठवड्यांत गंबोरो का मारतो ते हेच," म्हणाला, आणि बादली उचलून शेडमध्ये गेला.