बोनेअरच्या किनाऱ्यावरून एका दिवसात तीन डाइव्ह

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने गाडीतून जाताना रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसत राहतात. प्रत्येक दगडावर एका जागेचं नाव असतं. दगड दिसला की गाडी लावायची, श्वासाच्या हवेची टाकी पाठीवर बांधायची आणि चालत समुद्रात शिरायचं. अशा साठाहून अधिक जागा या किनाऱ्यावर आहेत. होडीने गेलं की कुठे उतरायचं, किती खोल जायचं, वर कधी यायचं हे होडीवरचा माणूस ठरवतो. इथे ते सगळं तुमच्यावर आणि तुमच्या जोडीदारावर येतं, म्हणून दिवसाचा बेत नीट आखावा लागतो.

मुळात किनाऱ्यावरून डाइव्ह करणं इथे इतकं सोपं का, ते आधी पाहू. बोनेअर 12 अंश उत्तर अक्षांशावर, व्हेनेझुएलाच्या उत्तरेला आहे. व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे पूर्व किनारा लाटांनी झोडपला जातो आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत राहतो. पाऊस बेताचा, बारमाही नद्या नाहीत, त्यामुळे गाळ वाहून येत नाही आणि पाणी नितळ राहतं. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. मुंबईला उधाणाच्या दिवशी हाच फरक 4 मीटरहून अधिक असतो, तिथे वेळापत्रक पाहिल्याशिवाय पाण्यात पाय घालता येत नाही. बोनेअरला भरतीचं वेळापत्रक जवळपास विसरता येतं, वारा मात्र विसरता येत नाही. क्वचित वारा उलटतो किंवा दूरच्या वादळाच्या लाटा येतात, तेव्हा हाच शांत किनारा धोक्याचा होतो. म्हणून सकाळी टाक्या गाडीत चढवण्याआधी पाण्याकडे दहा मिनिटं बघत उभं राहावं.

बेटाभोवतीचा समुद्र 1979 पासून संरक्षित मरीन पार्क आहे. भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत त्याची हद्द आहे. पार्कचं शुल्क भरणं आणि सरावाची पहिली डाइव्ह आदल्या दिवशीच उरकावी. हातमोजे घालायला इथे बंदी आहे. मोजे असले की माणूस बिनधास्त प्रवाळाला धरतो, आणि हाताच्या एका पकडीत कित्येक वर्षांची वाढ मोडते. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

पहिली डाइव्ह सकाळी, सगळ्यांत खोल: ‘हिल्मा हूकर’. राजधानी क्रालेंडाइकच्या दक्षिणेला 72 मीटर लांबीचं हे मालवाहू जहाज 12 सप्टेंबर 1984 ला बुडालं. त्याआधी त्यावर गांजाचा मोठा साठा सापडला होता. आता ते सुमारे 30 मीटर खोल वाळूवर कुशीवर पडलेलं आहे.

इथे हवेचा हिशेब कागदावर करावा. दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे 30 मीटरवर तो चौपट होतो. 11 लिटरची टाकी 200 बार दाबाला (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) भरली की तीत साधारण 2200 लिटर हवा मावते. 50 बार राखीव ठेवले की हाती उरते 1650 लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्या माणसाला तळाशी 80 लिटर लागतात, म्हणजे जेमतेम 20 मिनिटं. त्यातच वर यायचं आहे आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचंही आहे. म्हणून जहाजावरच्या बॉयापर्यंत, म्हणजे तरंगत्या खुणेपर्यंत, पृष्ठभागावरून पोहत जावं, टाकीतली हवा खालच्या कामाला ठेवावी.

हवा पुन्हा भरून मिळते, नायट्रोजनचं तसं नाही. दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक विरघळतो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, वेळप्रसंगी मज्जारज्जूला इजा होते. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 साली टप्प्याटप्प्याने वर येण्याचं पहिलं वेळापत्रक मांडलं. त्याने शरीराचे काल्पनिक पाच कप्पे केले. सर्वांत चपळ कप्प्यातला जादा नायट्रोजन 5 मिनिटांत निम्मा होतो, सर्वांत संथ कप्प्यातला 75 मिनिटांत. आजचे डाइव्ह कॉम्प्युटर हाच हिशेब जास्त कप्पे धरून करतात. एक तास विश्रांती घेतली की चपळ कप्पा जवळजवळ रिकामा होतो, पण 75 मिनिटांच्या कप्प्यात जादा नायट्रोजनचा निम्म्याहून अधिक भाग शिल्लक असतो. त्यावर दुसरी डाइव्ह, मग तिसरी. अंगाला ताजंतवानं वाटत असतं आणि नायट्रोजनची बाकी साचत जाते. दिवसाला पाच डाइव्हचा बेत आखणारे भेटतात. माझ्या मते एका दिवसाला तीन भरपूर झाल्या.

खोल डाइव्ह आधी करायची हा जुना दंडक. 1999 साली स्मिथसोनियन संस्थेच्या कार्यशाळेत तज्ज्ञांना त्यामागे ठोस पुरावा सापडला नाही, विशेषतः दोन डाइव्हच्या खोलीतला फरक 12 मीटरपेक्षा कमी असेल तर. तरीही मी खोल डाइव्ह सकाळीच ठेवते. तेव्हा डोकं शांत असतं आणि पुढचा हिशेब सैल राहतो. 32 टक्के ऑक्सिजनची नायट्रॉक्स टाकी (नायट्रॉक्स म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) घेतली तर 30 मीटरवर शरीरात साधारण 24 मीटरइतकाच नायट्रोजन शिरतो. मात्र या मिश्रणाने 33 मीटरच्या खाली जायचं नाही, तिथे ऑक्सिजनच विषारी ठरू लागतो.

दोन डाइव्हच्या मध्ये किमान दीड तास सावलीत काढावा, पाणी प्यावं. त्या वाऱ्यात घाम जाणवत नाही, पण शरीर सुकतं. या वेळात बेटावर कुठेही गाडीने फिरायला हरकत नाही. उंचावर हवेचा दाब कमी होतो, त्याची इथे चिंता नाही, कारण सर्वांत उंच ब्रांडारिसचा डोंगरही 241 मीटरचाच आहे.

दुसरी डाइव्ह आणखी दक्षिणेला, मीठ जहाजांत भरण्याच्या धक्क्याखाली. खोली 15 मीटरच्या आसपास. खांबांवर स्पंज आणि प्रवाळ दाटलेले असतात. धक्क्याला जहाज लागलेलं असेल तर मात्र उतरायचं नाही, म्हणून पर्यायी जागा आधीच ठरवून ठेवावी.

दिवसातली खरी कसोटी कुठे असेल तर गुडघाभर पाण्यात. पायाखाली मोडलेल्या प्रवाळाचे गोल तुकडे, त्यांवर निसरडं शेवाळ, पाठीवर वीसेक किलो ओझं. जाड तळाचे बूट हवेतच. काठावर थांबून लाटा मोजाव्यात. जवळपास सारख्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळतात तेव्हा काही मोठ्या आणि मग काही लहान अशा टोळ्या बनतात. मोठी टोळी फुटून गेली की निघायचं. जॅकेटमध्ये हवा भरलेली, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात, पायांत घालायच्या फिन्स हातात, जोडीदाराचा दंड धरलेला. कमरेइतकं पाणी आलं की आडवं होऊन फिन्स चढवायच्या. खाली गेल्यावर आधी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला जावं, म्हणजे दमल्यावर परतताना प्रवाह साथ देतो.

तिसरी डाइव्ह सूर्यास्तानंतर, गावाजवळ, 8-10 मीटरपर्यंतच. पौर्णिमा होऊन दोन-तीन रात्री उलटल्या असतील तर ती चुकवू नये. चंद्र उशिरा उगवतो, तेवढ्या अंधाराच्या पट्ट्यात ऑस्ट्राकॉड नावाचे एक-दोन मिलिमीटरचे कवचधारी जीव प्रणयाराधन करतात. टॉर्च बंद केला की नर पाण्यात एकामागून एक निळे ठिपके सोडत जाताना दिसतो. ठिपक्यांमधलं अंतर आणि दिशा जातीजातीनुसार वेगळी असते, त्यावरून मादी आपल्या जातीचा नर ओळखते.

2023 पासून बोनेअरच्या प्रवाळांना ऊती गळून पडण्याचा घातक रोग लागला आहे. आजार दिसलेल्या जागा दिवसाच्या शेवटी ठेवाव्यात आणि सामान निर्जंतुक करूनच पुढच्या पाण्यात न्यावं.

परतीच्या विमानाची वेळ मात्र बेत आखताना सर्वांत आधी लिहावी. लागोपाठच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात, कारण विमानातला कमी दाब उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे करू शकतो. विमान दुपारी 2 चं असेल तर आदल्या रात्री 8 च्या आत पाण्याबाहेर यायला हवं, म्हणजे ऑस्ट्राकॉड जेमतेम बसतात. विमान सकाळचं असेल तर ते पुढच्या खेपेला.