हानलेचा अंधार आणि पाहुण्यांचे डोळे

आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरला की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती दुर्बिणीच्या आकाराची. लडाखमधील हानले येथे मात्र ती गाड्यांच्या दिव्यांपासून सुरू होते. चांगथांग पठारावर सुमारे ४५०० मीटर उंचीवर असलेले हे शीत वाळवंट हिमालयाच्या पर्जन्यछायेत येते; त्यामुळे मोसमी ढग तिथवर क्वचितच पोहोचतात आणि हवेत बाष्प अगदी थोडे असते. याच कारणासाठी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने येथे दोन मीटर व्यासाची, शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘हिमालयन चंद्र दुर्बीण’ उभारली. डिसेंबर २०२२मध्ये भोवतालचा १०७३ चौरस किलोमीटरचा परिसर देशातील पहिला ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, म्हणजे रात्रीचा अंधार जपण्यासाठी राखलेला प्रदेश, म्हणून अधिसूचित झाला आणि पुढच्या वर्षापासून येथे हौशी निरीक्षकांचे मेळावेही भरू लागले.

चालू वेधशाळेच्या शेजारी माणसांची गर्दी बोलावणे हे तसे जोखमीचेच काम आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने येथे उभी राहिलेली ‘मेस’ ही २१ मीटर व्यासाची दुर्बीण आहे; तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४मध्ये झाले. अंतराळातून येणारा गॅमा किरण, म्हणजे अतिशय ऊर्जावान अदृश्य प्रकाश, वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव होतो आणि त्यातून निळसर प्रकाशाची एक अतिशय क्षीण चमक उमटते. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकणारी ती चमक ही दुर्बीण टिपते. अशा यंत्राच्या परिसरात मोटारीचा प्रखर झोत काय गोंधळ घालील, हे वेगळे सांगायला नको. म्हणून अंधार पडल्यावर गाडीचे दिवे मंद ठेवणे, खिडक्यांना जाड पडदे लावणे आणि बाहेरचे दिवे वरून झाकलेले व पिवळसर असणे, हे येथे कटाक्षाने पाळावे लागते.

हीच शिस्त पाहुण्यांच्या डोळ्यांसाठीही लागते. उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली काही सेकंदांतच मोठी होते. परंतु दृष्टिपटलातील दंडपेशींमधले (मंद उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींमधले) ऱ्होडॉप्सिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एखाद्याने मोबाइलचा पडदा उघडला की त्याची, आणि शेजारच्या दोघातिघांचीही, अर्ध्या तासाची तपश्चर्या वाया जाते. दंडपेशींना गडद लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही, म्हणून विजेरीच्या काचेवर लाल कागद लावतात.

हानलेत याला आणखी एक पदर आहे, आणि मला तो सर्वांत उद्बोधक वाटतो. दंडपेशींना अंधारातच सर्वाधिक प्राणवायू लागतो, आणि या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी असतो. परिणामी जिथे आकाश सर्वांत काळे, तिथेच नवख्याची रात्रदृष्टी थोडी मंदावलेली असते. आधी लेहला दोन-तीन दिवस मुक्काम करण्याचा सल्ला डोकेदुखी व धाप टाळण्यासाठी दिला जातो. तो आकाशदर्शनाच्या दृष्टीनेही तितकाच महत्त्वाचा आहे.

दुर्बिणीपाशी रांग लागली की संयोजकाची खरी कसोटी लागते. डॉब्सोनियन पद्धतीची, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची, आठ इंची दुर्बीण उघड्या डोळ्याच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करते. पण तिला यंत्राची गती नसेल, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे शनी दोनेक मिनिटांत दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतो. त्यातच पाहणारा हमखास आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, हाताने धरतो आणि नळी हलते. थंडी तर अशी की श्वासाची वाफ काचेवर बसते, मग ती पुसण्यात वेळ जातो. म्हणून जास्तीचे आयपीस कोटाच्या आतल्या खिशात उबेत ठेवतात आणि पाहणाऱ्याला श्वास बाजूला सोडायला सांगतात.

ही कामे येथे बव्हंशी गावकरीच करतात. खगोलभौतिकी संस्थेने हानलेच्या वस्त्यांमधील तरुणांना प्रशिक्षण आणि दुर्बिणी देऊन त्यांच्यातून खगोलदूत तयार केले आहेत. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. वेधशाळेचा अंधार राखण्यात गावाचाही चार पैशांचा फायदा असावा, हा हिशेब मला कोणत्याही सरकारी फलकापेक्षा भरवशाचा वाटतो.

शहरातून आलेल्या सवयीच्या निरीक्षकाचीही येथे पहिल्या रात्री त्रेधा उडते, कारण तारे इतके दिसतात की ओळखीच्या आकृत्याच त्यांत हरवतात. अशा वेळी थेट दुर्बिणीकडे न जाता आधी शर्मिष्ठा या तारकासमूहाचा ‘एम’ शोधावा आणि तिथून शेजारच्या देवयानी तारकासमूहाकडे वळावे. तिच्यातील धूसर ठिपका म्हणजे सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका होय. तिच्याकडे रोखून न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली, तर ती अधिक स्पष्ट दिसते, कारण दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात.

ज्यांना इतकी उंची झेपत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्प आहे; जानेवारी २०२४मध्ये त्याला देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. तिथे पावसाळ्याचे महिने सोडून द्यावे लागतात आणि हवाही हानलेइतकी कोरडी नसते. मात्र अगस्त्याचा तारा हानलेच्या क्षितिजावर जेमतेम साडेचार अंश चढतो, म्हणजे सभोवतालच्या डोंगरांआड सहज लपतो. पेंचमधून तोच सुमारे पंधरा अंश उंचीवर दिसतो.