बॉटखात्यांचे नियमन

माणूस असल्याचा आव आणून संगणकीय आज्ञावलीने चालवल्या जाणाऱ्या समाजमाध्यमांवरील खात्यांना कायद्याने आवर घालण्याची व्यवस्था. बोलताना अशा खात्याला ‘बॉट’ किंवा ‘फेक अकाउंट’ म्हणतात, पण प्रत्येक बॉट फसवा नसतो. धरणातला पाणीसाठा रोज आपोआप कळवणारे खाते स्वतःला यंत्र म्हणवून घेत असेल, तर तक्रारीला जागा नाही. नियमनाचा रोख लपवाछपवीवर असतो.

तोतयाची ओळख पुण्याला जुनी आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे भाऊ म्हणवणाऱ्या एकाने १७७६ मध्ये कोकणात बंड केले. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. भारतीय फौजदारी कायदाही मुख्यतः तोतयालाच ओळखतो. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४१६ ने (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९) एक शहाणपणाची गोष्ट तेव्हाच लिहून ठेवली : ज्याचे सोंग घेतले तो माणूस खरा असो वा काल्पनिक, गुन्हा घडतोच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड हेच संगणकाद्वारे केलेल्या फसवणुकीला लावते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

अडचण वेगळीच आहे. या कलमांना कुणीतरी फसलेला माणूस लागतो. शेअर बाजाराच्या ‘टिप्स’ देणाऱ्या ग्रुपवर शंभर जण रोज ‘सर, आजही प्रॉफिट झाला’ असे लिहितात, त्यातले नव्वद एकाच टोळीचे असतात आणि कोथरूडचे एखादे निवृत्त गृहस्थ पैसे भरून बसतात. इथे कायदा चालतो. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण हजार बॉटांनी एखाद्या हॉटेलाला पाच तारे दिले किंवा एखाद्या उमेदवाराचा जयजयकार केला, तर नेमके कोण फसले? नुकसान गर्दीच्या आकड्यामुळे होते आणि ते कुणा एकाच्या फिर्यादीत मावत नाही.

हीच फट बुजवण्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने केलेला कायदा १ जुलै २०१९ पासून अमलात आला. विक्री वाढवण्यासाठी किंवा मतदानावर प्रभाव पाडण्यासाठी बॉटने स्वतःची ओळख लपवून दिशाभूल करणे त्याने बेकायदा ठरवले; ‘मी बॉट आहे’ असे स्पष्ट सांगितले की दोष उरत नाही. मात्र ज्या खात्याच्या सर्व किंवा जवळजवळ सर्व कृती माणसाच्या नसतात तेच बॉट, अशी त्याची व्याख्या आहे. अर्धे काम माणसाने आणि अर्धे यंत्राने केले की खाते निसटते, आणि चलाख खाती तशीच चालतात. जर्मनीने २०२० च्या माध्यम करारात स्वयंचलित खात्यांना खूणचिठ्ठी सक्तीची केली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यातील कलम ५० नुसार समोर यंत्र आहे हे माणसाला कळवावे लागते.

भारतात असा थेट कायदा नाही, तुकडे आहेत. २०२१ च्या मध्यस्थ नियमांनी (मध्यस्थ म्हणजे इतरांचा मजकूर लोकांपर्यंत पोहोचवणारी माध्यमे) ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांना ओळख पडताळणीची सोय द्यायला लावली, पण पडताळणी करून घेणे वापरकर्त्याच्या मर्जीवर ठेवले. ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये भारतीय मानक आले, तेही ऐच्छिक. निवडणुकीत उमेदवाराला शपथपत्रात आपली समाजमाध्यम खाती लिहावी लागतात. त्याच्या ‘चाहत्यां’ची खाती त्या रकान्यात येत नाहीत.

सरसकट ओळखसक्ती हा सोपा वाटणारा उपाय आहे आणि तोच सर्वांत धोक्याचा. पुण्यात जन्मलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहून आपल्याच समाजाला फटकारले. टोपणनाव म्हणजे तोतयेगिरी नव्हे : टोपणनावामागे एक माणूस असतो, बॉटांच्या झुंडीमागे तेवढाही नसतो. सरकारच्या हाती मोघम कलम दिले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ ला आव्हान मिळाले आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. सरकारी कारभाराविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का हे सरकारनेच ठरवण्यासाठीच्या सत्यशोधन कक्षाची तरतूदही मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणून खात्यामागचे नाव विचारण्यापेक्षा खात्यामागे माणूस आहे की नाही, एवढेच विचारणारा नियम अधिक टिकाऊ वाटतो.

प्रत्यक्ष तपासात मात्र आज्ञावलीपेक्षा सिमकार्ड आणि बँक खाते अधिक बोलतात. देशाच्या बहुतेक भागांत एका व्यक्तीला आपल्या नावावर नऊच सिम ठेवता येतात. त्यामुळे झुंड उभी करणाऱ्याला दुसऱ्यांची नावे भाड्याने घ्यावी लागतात, आणि पोलिसांच्या हाती प्रथम लागतो तो बहुधा नाव भाड्याने देणारा.